सप्तशृंगी गडावर जाताय? या चुका टाळा

चैत्रात रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत गडावर यात्रा असते. मी वर्षानुवर्षं जातोय आणि दरवेळी त्याच चुका बघून जीव कासावीस होतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे भर उन्हात, उपाशीपोटी चढायला लागणं. ही मी स्वतः केली आहे. मावशीला घेऊन गेलो होतो. नांदुरीचा घाट चढून गडावर पोचेपर्यंत बारा वाजले. तिचा उपवास, त्यात 'दर्शन झाल्याशिवाय पाणीसुद्धा नको' हा हट्ट, आणि मी तो ऐकला. पायऱ्या 500 च्या वर, चपला खाली काढलेल्या, दगड तव्यासारखा तापलेला. मावशी सावलीची पट्टी शोधत एकेक पाऊल टाकत होती. निम्म्यात बसली ती उठेचना. ओठ पांढरे, हात गार. खानदेशातून पायी आलेल्या एका बाईंनी पदराने वारा घातला आणि मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं, तेव्हा कुठे ती बोलली. तळपायाला फोड आले होते. दर्शन न घेताच आम्ही उतरलो.

तेव्हापासून मी आदल्या रात्री गडावरच मुक्काम करतो आणि उजाडायच्या आत चढायला लागतो. उपवास असला तरी पाणी आणि गूळ-शेंगदाणे सोबत असतातच. पिशवीत जाड सुती मोजेही असतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खुशाल ट्रॉलीने जावं, 2018 पासून ती सोय आहे. 'पायी गेलं तरच पुण्य' असं म्हाताऱ्या माणसांना सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

प्रसादाची पिशवी हातात लोंबकळत नेऊ नका, माकडं ओढतात. पावसाळ्यात प्रदक्षिणेच्या वाटेला जाऊ नका, कड्यावरून दगड सुटतात. आणि घाटात ओव्हरटेक करूच नका.

नारळाचं मात्र पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. वाट्टेल तिथे पायरीवर नारळ फोडू नका. 25 जानेवारी 2005 ला वाईजवळ मांढरदेवीला नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर माणसं घसरली, चेंगराचेंगरी झाली आणि जवळपास 300 जीव गेले. ठरवून दिलेल्या जागेपर्यंत चालत जायला दोन मिनिटं लागतात. तेवढाही धीर नसेल तर नारळ घरी देवापुढे फोडा.

शेवटची चूक गाभाऱ्यासमोरची. रांगेत तासन्‌तास उभं राहायचं आणि देवी समोर आली की हात जोडून डोळे गच्च मिटायचे! डोळे उघडे ठेवा. कड्यात कोरलेली आठ फुटांची मूर्ती आहे, अठरा हातांची. तिची मान किंचित कललेली दिसेल. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी सप्तशती म्हणायचे, ती ऐकण्यासाठी आईने मान कलवली, असं आजी सांगायची. गर्दीत जेमतेम क्षणभर मिळतो, तेव्हा आधी ती मान बघून घ्या.