काय बदलणार नाही, ते आधी सांगा
१ जुलै २०१७ला जीएसटी आला, तेव्हा व्हॅट, उत्पादन शुल्क, सेवाकरात मुरलेल्या हिशेबनीसांना बरंच काही नव्यानं शिकावं लागलं. असा बदल तुमच्या विभागात येणार असेल, तर पगार, कामाच्या वेळा, जबाबदारी यांतलं काय तसंच राहणार ते आधी सांगा. खरी धास्ती त्याचीच असते. जे ठरलेलं नाही, त्याचं आश्वासन मात्र देऊ नका. ‘शुक्रवारी सांगतो’ म्हणा आणि निर्णय झाला नसला तरी शुक्रवारी बोलाच. घोषणेआधी सर्वांत जुन्या सहकाऱ्यांना एकेकटं भेटा. काम कुठे अडेल हे त्यांना नेमकं ठाऊक असतं, पण चारचौघांत ते बोलतीलच असं नाही. आणि पहिला महिना चुकांवरून कुणालाही सगळ्यांसमोर झापू नका, नाहीतर लोक चुका लपवायला लागतात.