जुन्या बॉक्सचा ट्विटर मेला म्हणायच्या आधी

अण्णांचे ऐंशीच्या दशकातले लाकडी स्पीकर बॉक्स माळ्यावरनं काढले, जोडले, तर गाणं गोधडीत तोंड घालून म्हटल्यासारखं. मिस्त्रीनं दोन मिनिटं कान लावला आणि म्हणाला ट्विटर, म्हणजे बारीक, वरचा आवाज वाजवणारे छोटे स्पीकर, गेलेत, नवीन टाकू. मी बॉक्स उचलून घरी आणले आणि बरं केलं, कारण दोन्ही ट्विटर जिवंत होते. तेव्हापासून सांगलीतल्या ओळखीपाळखीचे सात-आठ जोड उघडले, त्यात खरंच जळालेला ट्विटर दोनदाच निघाला.

आधी डाव्या बॉक्सचा ट्विटर उजव्यात आणि उजव्याचा डाव्यात लावून बघा. दोष ट्विटरबरोबर गेला तर ट्विटर, जागेवर राहिला तर आतलं सर्किट. दोन्ही सारखेच मंद असतील तर एक वायर सोडवून मल्टिमीटर लावा, ८ ओहमचा ट्विटर साधारण ६ दाखवतो, ४ चा तीन-साडेतीन. काहीच दाखवत नसेल तर कॉइल (आतलं तारेचं वेटोळं) नाहीतर तिची तार तुटलीय. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवला तर टक असा आवाज यायला पाहिजे, पण टेकवून धरू नका. आणि ॲम्प्लिफायरची वायर सरळ ट्विटरला कधीच नाही, मधे कंडेन्सर (खालचा जाड आवाज अडवणारा भाग) नसेल तर खालचा सगळा आवाज त्या बारक्या कॉइलवर जातो आणि जळते.

आता कंडेन्सर. आपल्याकडच्या बऱ्याच बॉक्समधे क्रॉसओव्हर (खालचा-वरचा आवाज वेगळा करणारं सर्किट) म्हणजे ट्विटरच्या वायरीत एकच कंडेन्सर, बाकी काही नाही. ८ ओहमला ४.७ मायक्रोफॅरड असेल तर ट्विटर साधारण ४,२०० हर्ट्झच्या वर वाजतो, २.२ असेल तर ९,००० च्या. हे जुने नॉन-पोलर (प्लस-मायनस नसलेले) इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर तीस-चाळीस वर्षांत आतून सुकतात, त्यांचा रेझिस्टन्स वाढतो, ट्रेबल, म्हणजे वरचा आवाज, तिथंच अडकतं आणि नाव ट्विटरचं खराब. त्याच व्हॅल्यूचा १०० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर (प्लास्टिकच्या पातळ पट्टीचा) टाका, दोन्ही बॉक्समधे एकदमच. साधा प्लस-मायनसवाला इलेक्ट्रोलिटिक चालत नाही, अगदीच अडलं तर ४.७ च्या जागी १० चे दोन घेऊन मायनसला मायनस जोडले की ५ होतात, काम निघतं. फिल्म टाकल्यावर आवाज थोडा टोचायला लागला तर अर्धा-एक ओहमचा रेझिस्टर सिरीजमधे द्या. मागं ट्रेबलचा नॉब असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीस-पंचवीस वेळा फिरवा, निम्मी खरखर तिथंच असते.

एवढं करूनही मंदच असेल तर मग ट्विटर काढायचा. इथं माझी चूक सांगतो, लोखंडी स्क्रूड्रायव्हर मॅग्नेटनं खस्सकन ओढला आणि डोममधे, म्हणजे ट्विटरच्या पुढच्या नाजूक घुमटात, आरपार! रुपयाची चूक नव्हती ती. आता स्क्रू काढताना डोमवर आधी स्टीलच्या चहाच्या गाळणीची वाटी... नाही, तीही चिकटते, प्लास्टिकचं झाकण उपडं धरायचं. कापडी डोम नुसता दबलाय तर चिकटपट्टी हलकेच लावून ओढा, बहुतेकदा येतो. ॲल्युमिनियमच्या डोमला मात्र हात लावू नका, सुरकुती राहतेच.

काही ट्विटरच्या गॅपमधे (चुंबकातली, कॉइल हलते ती फट) फेरोफ्लुइड असतं, म्हणजे चुंबकाला चिकटणारं काळं तेल, कॉइल थंड ठेवायला आणि आवाज आवरायला. जुनं झालं की डांबर होतं आणि कॉइल चिखलात अडकल्यासारखी. डोमची प्लेट उचलायच्या आधी मार्करनं खूण करा, बसवताना तशीच आली पाहिजे. जाड कागदाच्या पट्ट्यांना आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून गॅपमधून ओढत राहा, काळं यायचं थांबेपर्यंत, कंटाळा येतो पण घाई नको. शेवटी चिकटपट्टी उलटी करून लोखंडाचा कीस काढा. मग नवीन फेरोफ्लुइड इन्शुलिनच्या सिरिंजनं, कंपनीनं सांगितलेलंच माप. ज्याच्यात मुळात नव्हतं त्याच्यात घालू नका, आणि होतं त्याच्यात न घालता जोरात वाजवू नका.

तार तुटली असेल तर बहुतेकदा टाक्याजवळच तुटते. ब्लेडनं वार्निश खरवडा, बारीक सोल्डरनं पटकन टाका मारा, डोम तापू देऊ नका. ॲल्युमिनियमची तार असेल तर साधं सोल्डर धरतच नाही, तिथं डायफ्रॅम (डोम आणि कॉइल एकत्र) बदलणं बरं. प्लस-मायनस जसे होते तसेच जोडा, काही क्रॉसओव्हरमधे ट्विटर मुद्दाम उलटा दिलेला असतो, 'दुरुस्त' करायला जाऊ नका.

२०१९ च्या पुरात बुडालेले बॉक्स मात्र माझ्याकडे आणू नका राव. गॅपच्या आत गंज चढतो, त्याचे पापुद्रे कॉइलला घासतात, कितीही पुसलं तरी खरखर राहते.

तपासायला मी तानपुरा लावतो, तानपुरे बनवणारं मिरज शेजारीच असल्यानं सवय म्हणा. जवारीचा (तारेखालच्या घोडीच्या घडणीचा) तो झणझणाट म्हणजे वरचे स्वरांशच की, ट्विटर मंद असेल तर तानपुरा नुसता घुमतो, झणझणत नाही. बॅलन्सचा नॉब आधी पूर्ण डावीकडं, मग उजवीकडं, एकच तार ऐकायची. आणि पोराला शेजारी बसवा, कारण वय झालं की आपल्याच कानातलं वरचं जातं. आमच्या शेजारचे काका दोन कंडेन्सर बदलूनही ट्रेबल नाही म्हणत बसले होते आणि त्यांची नात कानावर हात ठेवून म्हणत होती, आजोबा कमी करा ना.