सोयाबीनच्या पानांतून स्टार्च काढताना

परभणीत एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी सोयाबीनच्या पानांतून स्टार्च काढायला घेतला, तेव्हा माझ्या डोक्यात घरच्या कुरडयांचे गणित पक्के होते: गहू भिजवायचा, वाटायचा, चीक गाळायचा आणि रात्रभर ठेवला की सकाळी तळाशी पांढरा साका, वर निवळी. पानांना हे गणित लागू पडत नाही, हे कळायला माझे दोन आठवडे गेले.

पहिली चूक वेळेची होती. उन्हाच्या धास्तीने मी सकाळी सहालाच पाने तोडून आणत असे, आणि गरम पाण्यात ठेवलेल्या अल्कोहोलमध्ये त्यांचा हिरवा रंग काढून वर आयोडीन (स्टार्च असेल तर ते निळे-काळे होते) टाकले की पान पिवळट तपकिरीच राही. पान दिवसा हरितलवकांत स्टार्च साठवते आणि रात्री तो मोडून झाडाला साखर पुरवते, त्यामुळे पहाटे कोठार जवळजवळ रिकामे असते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ युलियस झाक्स यांनी १८६० च्या दशकात आयोडीनच्याच कसोटीने हा प्रकाशाशी असलेला संबंध दाखवला होता. परीक्षेत मी तो लिहिलाही होता. सायंकाळी पाचनंतर तोडलेले पान मात्र निळे-काळे पडले.

दुसरी अडचण स्टार्चच्या कणांची. गव्हातले मोठे कण २० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतात, पानातले साधारण १ ते ३. आणि दहापट लहान कण पाण्यात शंभरपट हळू बसतो. तेवढ्या वेळात, त्यातही आमच्याकडच्या उन्हाळ्यात, अमायलेज हे स्टार्च मोडणारे एन्झाइम स्टार्च खाऊन टाकते. म्हणून शिरा काढलेली पाने बर्फावरच्या थंड बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) वाटावीत, त्यात ईडीटीए घालावे (अल्फा-अमायलेजला लागणारे कॅल्शियम ते बांधून ठेवते), लगदा आधी मलमलीतून व मग २० मायक्रॉनच्या नायलॉन जाळीतून गाळावा आणि लगेच सेंट्रिफ्यूजला (वेगाने फिरवून जड कण तळाशी बसवणाऱ्या यंत्राला) लावावा. वीज जाण्याची वेळ आधी विचारून घ्यावी.

पहिला साका हिरवा निघतो. त्याने निराश होऊ नये. तो पर्कॉलच्या (सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असलेल्या दाट द्रवाच्या) थरावर ठेवून पुन्हा फिरवला की जड स्टार्च तळाशी जातो आणि पेशींचा बराचसा हलका कचरा वर अडकतो. प्रथिने एसडीएस या साबणासारख्या रसायनाच्या सौम्य द्रावणाने, उरलेला रंग ८० टक्के इथेनॉलने धुवावा. ओला साका गरम ओव्हनमध्ये ठेवल्यास त्याची खळ होते. मी तो ॲसिटोनने धुऊन हवेवर वाळवते. एवढ्या खटाटोपानंतर एका ग्रॅम पानामागे हाती येतात ते काही मिलिग्रॅम.