डोसिटॅक्सेलनंतर प्रोस्टेट कॅन्सर पुन्हा वाढला तर

आधी डोसिटॅक्सेलची केमो खरंच निकामी ठरली का, ते तपासा. पहिल्या 12 आठवड्यांत पीएसए (रक्तातलं प्रोस्टेटचं प्रथिन) तात्पुरता वाढू शकतो, त्यामुळे एका रिपोर्टवर औषध बदलू नये. सीटी, बोन स्कॅन आणि टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) पाहा. टेस्टोस्टेरॉन 50 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमीच हवं. हा हार्मोन दाबणारं इंजेक्शन पुढेही चालू राहतं. केमो थांबली म्हणून तेही बंद करणं ही नेहमीची चूक.

अ‍ॅबिराटेरॉन किंवा एन्झाल्युटामाइड (पुरुषी हार्मोनविरोधी औषधं) आधी घेतलं नसेल, तर बहुधा तिथून सुरुवात होते. अ‍ॅबिराटेरॉन 1000 मिग्रॅ रोज, उपाशीपोटी: आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. सोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड हवंच, नाहीतर रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. फिट्स येत असतील तर एन्झाल्युटामाइड टाळतात.

यातलं एक औषध वर्षभरात निष्फळ ठरलं असेल, तर दुसऱ्याच्या मागे लागण्यापेक्षा कॅबाझिटॅक्सेल ही दुसरी केमो सरस. 2019 च्या ‘कार्ड’ चाचणीत हे दिसलं. डोस दर तीन आठवड्यांनी, शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रति चौरस मीटर 20 ते 25 मिग्रॅ. पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून ताप 38 अंशांवर गेला की थेट रुग्णालय गाठा.

बीआरसीए जनुकदोष असेल तर ओलापॅरिब हे औषध. जनुकतपासणी लवकर करून घ्या, रिपोर्टला वेळ लागतो. पीएसएमए (प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवरचं प्रथिन) पेट स्कॅनमध्ये गाठी उजळल्या, तर ल्युटेशियम-177 हे किरणोत्सारी औषध: दर सहा आठवड्यांनी, कमाल सहा डोस.

पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर मज्जारज्जू दबला असू शकतो; त्याच दिवशी मणक्याचा एमआरआय.