थिंकपॅड टी४३० वर पैसे घालताय? आधी या चुका टाळा

लेनोवोचा थिंकपॅड टी४३० आला २०१२ साली. मोठ्या कंपन्यांनी तो कर्मचाऱ्यांसाठी घाऊक घेतला, काही वर्षांनी बदलून टाकला, आणि तेच लॅपटॉप रिफर्बिश्ड म्हणून पुण्याच्या तापकीर गल्लीपासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत फिरत राहिले. कॉलेजची मुलं, क्लासवाले, छोटी डीटीपीची दुकानं अशा अनेकांचं काम अजून त्यावर चालतं. आणि चालायलाही हवं, कारण स्क्रूड्रायव्हर घेऊन घरी उघडता येईल आणि जवळजवळ प्रत्येक भाग बदलता येईल अशी मशीन आता फारशी बनत नाहीत.

मात्र अपग्रेड करायला बसलं की पैसे भलत्याच भागावर जातात. माझं मत स्पष्ट आहे: या लॅपटॉपवर तीनच खर्च डोळे मिटून करावेत. एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क), पुरेशी रॅम आणि पंख्याची साफसफाई. बाकी कशावरही पैसे टाकण्याआधी हे मशीन काय स्वीकारतं आणि काय सरळ नाकारतं ते बघून घ्या.

घेतानाच होणाऱ्या चुका

पहिली चूक नावाची. टी४३०, टी४३०एस आणि टी४३०यू हे तीन वेगळे लॅपटॉप आहेत. एकाची बॅटरी, पंखा किंवा बॉडी दुसऱ्याला बसेल असं गृहीत धरू नका. लॅपटॉप उलटा केला की लेबलवर मशीन टाइप दिसतो, २३४२ किंवा २३४९ असा चार अंकी. सुटा भाग मागवताना दुकानदाराला हा आकडा सांगा.

दुसरी चूक जास्त महागात पडते. कंपनीतून निघालेल्या लॅपटॉपवर बऱ्याचदा बायोसचा (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचा) सुपरवायझर पासवर्ड तसाच राहिलेला असतो. विंडोज व्यवस्थित चालू होतं, त्यामुळे घेताना काही कळत नाही. पुढे बूटचा क्रम बदलायला किंवा एखादी सेटिंग चालू करायला गेलात की मशीन पासवर्ड मागतं. आतला नाण्याएवढा सेल काढून ठेवला की पासवर्ड जातो, हा डेस्कटॉपवरचा उपाय इथे लागू पडत नाही. थिंकपॅडमध्ये तो पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये साठवलेला असतो, आणि कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे त्यावरचा उपाय म्हणजे अख्खा मदरबोर्ड बदलणं. म्हणून पैसे देण्याआधी दुकानातच मशीन बंद करून चालू करा, लेनोवोचं चिन्ह दिसताच एफ१ दाबा आणि बायोसमध्ये शिरा. पासवर्ड न मागता आत जाता आलं, सेटिंग बदलून सेव्ह करता आली, तरच पुढचं बोला.

एसएसडी: योग्य वस्तू, चुकीची जागा

टी४३०मध्ये अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल तर बाकी काहीही करण्याआधी ती बदला. विंडोज उघडायला दोन-तीन मिनिटं, प्रत्येक क्लिकनंतर थांबणं, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्के: ही सगळी डिस्कची लक्षणं आहेत. प्रोसेसरला दोष देऊ नका.

घ्यायची ती २.५ इंची साटा एसएसडी, म्हणजे जुन्या डिस्कच्याच मापाची आणि जोडणीची. इथे बरेच जण एनव्हीएमई (एम.२ स्लॉटमध्ये बसणारी नव्या प्रकारची एसएसडी) घेऊन येतात, कारण ऑनलाइन पाहताना तिचे वेगाचे आकडे मोठे दिसतात आणि किंमत जवळपास तेवढीच असते. टी४३०मध्ये एम.२ चा स्लॉटच नाही. आत एक छोटा स्लॉट आहे, मोबाइल डेटाच्या कार्डासाठी दिलेला. त्यात एमसाटा एसएसडी चालते. एमसाटा आणि एम.२ दिसायला सारख्या वाटल्या तरी एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

आता जागेबद्दल. मुख्य हार्ड डिस्कचा कप्पा सेकंदाला ६ गिगाबिटचा आहे. एमसाटाचा स्लॉट आणि डीव्हीडी ड्राइव्हची जागा ३ गिगाबिटच्या आहेत. साध्या साटा एसएसडीचा वाचनवेग सेकंदाला ५०० एमबीच्या पुढे असतो. ३ गिगाबिटच्या जागेत तो निम्म्यावर येतो. तरीही काही दुकानांत जुनी डिस्क मूळ जागी ठेवतात आणि नवी एसएसडी डीव्हीडीच्या जागी कॅडीत (डिस्क धरणाऱ्या चौकटीत) बसवून देतात, कारण काम पटकन उरकतं. उलट करून घ्या: एसएसडी मूळ कप्प्यात, जुनी डिस्क कॅडीत. कॅडी घेताना आपल्या डीव्हीडी ड्राइव्हची जाडी मोजा, बाजारात ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन मापांच्या कॅडी मिळतात. जुन्या डिस्कच्या कडेचे रबर आणि धरायची पट्टी फेकू नका. एसएसडी त्यातच बसवायची आहे. नुसती सरकवली तर कनेक्टरवर हलत राहते.

जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करून एसएसडीवर चढवणार असाल तर आधी डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं मोफत सॉफ्टवेअर पेंडिंग आणि रीअलोकेटेड सेक्टरचे (डिस्कवरच्या बिघडलेल्या जागांचे) आकडे दाखवतं. ते शून्याच्या वर असतील आणि वाढत असतील तर आधी महत्त्वाच्या फाइल वेगळ्या काढा, मग एसएसडीवर विंडोज नव्याने टाका. मरणपंथाला लागलेल्या डिस्कची नक्कल करायला बसलं की कित्येकदा नक्कल अर्ध्यावर अडकते आणि डिस्कही कायमची बसते.

नवी एसएसडी लावल्यावर विंडोज निळा पडदा दाखवून सारखं रीस्टार्ट होत असेल तर बायोसमधला साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) बघा. विंडोज टाकताना तो एएचसीआयवर होता आणि नंतर कोणी कंपॅटिबिलिटीवर नेला, किंवा उलट झालं, तर असंच होतं. मोड पूर्ववत केला की बहुतेक वेळा काम भागतं.

रॅम: व्होल्टेज, जोडी आणि ३२ बिट

दोन स्लॉट, डीडीआर३, १६०० मेगाहर्ट्झ, जास्तीत जास्त १६ जीबी म्हणजे ८ अधिक ८. १६ जीबीची एकच पट्टी घेऊ नका. या पिढीचे इंटेल प्रोसेसर ती ओळखत नाहीत. डीडीआर४ची खाच वेगळ्या ठिकाणी असते, ती बसणारच नाही, आणि जोर लावलात तर स्लॉट तुटेल. १.५ व्होल्टची डीडीआर३ आणि १.३५ व्होल्टची डीडीआर३एल, दोन्ही इथे चालतात. तरी १.३५ वालीच घ्या. उद्या हीच पट्टी टी४४०पी सारख्या पुढच्या पिढीच्या लॅपटॉपला लावायची झाली तर तिथे १.५ वाली चालत नाही.

आत ४ जीबीची एकच पट्टी असेल तर तिच्या जोडीला दुसरी लावण्यात दुहेरी फायदा आहे. प्रोसेसरमधलं एचडी ४००० ग्राफिक्स स्वतःची वेगळी मेमरी न बाळगता रॅममधूनच वाटा घेतं, त्यामुळे दोन पट्ट्या एकाच वेळी वाचल्या गेल्या की त्यालाही बळ मिळतं. ४ आणि ८ अशी विषम जोडीही चालते.

रॅम वाढवूनही विंडोज तीन-सव्वातीन जीबीच वापरण्याजोगी दाखवत असेल, तर पट्टीत खोट शोधू नका. आत ३२ बिटचं विंडोज आहे. ६४ बिटचं टाका. आणि रॅम बदलल्यावर मशीन चालूच झालं नाही तर घाबरायचं कारण नाही. चार्जर काढा, बॅटरी काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, मग एकेक पट्टी एकेका स्लॉटमध्ये लावून बघा. सोनेरी पट्ट्यांवर आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलका हात फिरवा. दोष कुठल्या पट्टीत की कुठल्या स्लॉटमध्ये, ते एवढ्यावरच कळतं.

यूट्यूब अडखळतं म्हणून रॅम घेणारेही खूप आहेत. तिथे अडचण वेगळी असते. यूट्यूब बहुतांश व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या स्वरूपात पाठवतं आणि एचडी ४०००ला त्यातलं एकही हार्डवेअरने उलगडता येत नाही. सगळा भार प्रोसेसरवर पडतो, पंखा घोंगावू लागतो. एच.२६४ हे स्वरूप मात्र हा लॅपटॉप आरामात उलगडतो. ब्राउझरला एच.२६४ मागायला लावणारी एच२६४इफाय सारखी मोफत एक्स्टेन्शनं आहेत. एक रुपयाही न घालता फरक दिसतो.

प्रोसेसर बदलायचा मोह

टी४३०चा प्रोसेसर सॉकेटमध्ये बसतो, म्हणजे बदलता येतो. म्हणून लोक आय५ काढून आय७ टाकतात. पण कोणता आय७? आय५-३३२०एम दोन कोअरचा, २.६ गिगाहर्ट्झचा आहे. आय७-३५२०एम हाही दोनच कोअरचा, फक्त २.९ गिगाहर्ट्झचा. नावातला आय७ बघून पैसे गेले आणि रोजच्या कामात फरक शून्य. खरा फरक पडतो तो चार कोअरच्या क्यूएम मालिकेत, आणि तिथे ३५ वॉटचा आय७-३६३२क्यूएम सर्वात शहाणपणाचा. ४५ वॉटचे त्याहून वेगवान आहेत, पण या पातळ हीटसिंकवर (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणाऱ्या धातूच्या भागावर) ते तापतात आणि स्वतःच वेग कमी करून घेतात. काही प्रोसेसर सॉकेटवाले आणि बोर्डला चिकटवलेले अशा दोन्ही रूपांत निघालेत, तेव्हा मागवताना खाली पिना आहेत ना ते विचारा. चौथ्या पिढीचे प्रोसेसर इथे बसत नाहीत, त्यांचं सॉकेटच निराळं.

व्हिडिओ एडिटिंग किंवा मोठे प्रोग्रॅम कंपाइल करायचं काम नसेल तर हा खर्च सोडून द्या. त्याऐवजी पंखा उघडून धूळ काढा आणि वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावा. दहा-बारा वर्षांत ती खडूसारखी झालेली असते. लॅपटॉप अर्ध्या तासात आपोआप बंद पडत असेल किंवा चालू करतानाच फॅन एरर दाखवत असेल तर दुखणं इथेच आहे. हीटसिंकचे स्क्रू त्यावर लिहिलेल्या आकड्यांच्या क्रमाने सैल करा आणि त्याच क्रमाने थोडे थोडे आवळा, एका बाजूने पूर्ण आवळू नका. ब्लोअरने हवा मारताना पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा उलटा भन्नाट फिरून त्याचं बेअरिंग जातं.

जे भाग मशीन स्वतःच नाकारतं

टी४३० घेणाऱ्याला हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून नीट वाचा. वायफाय कार्ड बदललंत आणि मशीन १८०२ हा आकडा दाखवून अडून बसलं, तर कार्ड खराब नाही. लेनोवोने बायोसमध्ये मान्य कार्डांची यादी घालून ठेवली आहे आणि तुमचं कार्ड त्यात नाही. कार्ड काढलं की मशीन पुन्हा सुरू होतं. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय हवं असेल तर लेनोवोचा पार्ट नंबर असलेलं इंटेल ६२०५ कार्ड शोधा, किंवा सरळ यूएसबी अडॅप्टर लावा. यादी काढून टाकणारे सुधारित बायोसही लोक वापरतात. पण त्या वेळी लाइट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, आणि ज्याच्याकडे दुसरं मशीन नाही त्याने ही जोखीम घेऊ नये.

बॅटरीचंही तसंच. टी४२०पर्यंत कुठल्याही कंपनीची बॅटरी चालायची. टी४३०पासून लॅपटॉप बॅटरीची ओळख तपासतो. पटली नाही तर ती चार्ज करणार नाही असा संदेश दाखवतो. मूळ सहा सेलची ५७ वॉटअवरची आणि नऊ सेलची ९४ वॉटअवरची. बाहेरची घेणार असाल तर आपल्याच लॅपटॉपवर लावून, चार्ज होते हे बघून मगच पैसे द्या, नाहीतर परत घेण्याची लेखी हमी घ्या. विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये मूळ क्षमता आणि आता पूर्ण भरल्यावरची क्षमता हे दोन आकडे शेजारी दिसतात. दुकानदाराच्या 'नवी आहे हो' पेक्षा त्यांच्यावर विश्वास ठेवा. फुगलेली बॅटरी मात्र एक दिवसही वापरू नका.

स्क्रीनबद्दल थोडक्यात: १३६६ गुणिले ७६८ च्या जागी १६०० गुणिले ९०० चं पॅनल लावा, ते ४० पिनी एलव्हीडीएस (जुन्या प्रकारच्या जोडणीचं) असलं पाहिजे. फुल एचडीची ३० पिनी पॅनल्स ईडीपीची (नव्या जोडणीची) असतात, कन्व्हर्टर बोर्डाशिवाय लागत नाहीत, आणि तेवढ्या खर्चात बाहेरचा मॉनिटर येतो.

विंडोजचं काय करायचं

विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम (सुरक्षेची चिप) २.० लागतं, टी४३०मध्ये तिसरी पिढी आणि टीपीएम १.२ आहे. 'विंडोज ११ टाकून देतो' म्हणणारा दुकानदार तपासणी चुकवून ते टाकतो. ते चालतंही, पण पुढचे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार होतात त्यावर मी हे करणार नाही.

टी४३०वर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) सुरेख चालतं आणि मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहेच. घाईने डिस्क पुसू नका, ही शेवटची चूक. आधी पेन ड्राइव्हवरून मिंट चालवून वायफाय, आवाज, वेबकॅम आणि मुख्य म्हणजे तुमचा प्रिंटर बघा. आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणारा कॅनन एलबीपी२९०० लिनक्सवर त्रास देतो, त्याचा ड्रायव्हर झगडून बसवावा लागतो. श्रीलिपीसारख्या विंडोजवरच्या सॉफ्टवेअरवर ज्यांचं पोट आहे, किंवा डिजिटल सहीचं टोकन ज्यांना रोज लागतं, त्यांनी मूळ विंडोज तसंच ठेवावं, ते मशीन शक्यतो इंटरनेटपासून लांब वापरावं, आणि मेल, बँक, ब्राउझिंगसाठी शेजारच्या पार्टिशनवर मिंट टाकावं. २५६ जीबीच्या एसएसडीत दोन्ही मावतात.