बी.ए.ला सामाजिक शास्त्रे घेताना: पहिल्या सत्राआधीची तयारी

बारावीचा निकाल लागल्यापासून महाविद्यालयाचे तास नियमित सुरू होईपर्यंत जे काही आठवडे हाती असतात, ते बहुतेकांचे प्रवेशाच्या रांगेत आणि दाखल्यांमागे धावण्यात जातात. समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र किंवा इतिहास घेऊन बी.ए. करणाऱ्याला वेगळी तयारी कशाला हवी, असा समज घरोघरी आहे. विज्ञानाला गेलेल्या मुलाला क्लास लावला जातो आणि कला शाखेच्या मुलीला ‘वाचलं की येतं’ असे सांगितले जाते. पहिल्या वर्षाच्या वर्गाला शिकवताना माझा अनुभव उलटा आहे. वाचूनही येत नाही, कारण या विषयांतले शब्द रोजच्या वापरातले असतात आणि त्यांचे अर्थ मात्र रोजचे नसतात. म्हणून पुढील तयारीत मी सर्वाधिक जागा शब्दांना दिली आहे.

कागदपत्रांचे काम आधी उरकून टाकावे. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, अधिवास, उत्पन्नाचा दाखला आणि लागू असल्यास जातीचा व नॉन-क्रीमीलेअरचा दाखला यांच्या चार-चार झेरॉक्स प्रती काढून ठेवाव्यात. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यापूर्वी बँक खाते आधारशी जोडलेले आहे ना, हे बँकेत जाऊन पाहावे आणि सर्व कागदांवर नाव एकाच पद्धतीने लिहिलेले आहे याची खात्री करावी. एका वेलांटीच्या फरकापायी हेलपाटे घालणारी मुले दरवर्षी दिसतात.

त्यानंतर विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून आपल्या विषयांचा अभ्यासक्रम उतरवून घ्यावा आणि तो खरोखर वाचावा. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाची रचना लागू झाली असून मेजर (मुख्य विषय), मायनर (त्याच्या जोडीचा दुय्यम विषय), खुला वैकल्पिक विषय, कौशल्याधारित विषय अशी विभागणी त्यात आहे. तासांचा हिशेब साधा आहे: सैद्धांतिक विषयाच्या एका क्रेडिटला, म्हणजे विषयाचे वजन मोजण्याच्या एककाला, १५ तास, म्हणजे दोन क्रेडिटच्या विषयाला अवघे ३० तास. चार घटकांचा अभ्यासक्रम ३० तासांत शिकवायचा तर एका घटकाला साडेसात तास येतात, त्यामुळे वर्गात विषयाची ओळख होईल आणि अभ्यास बाहेरच करावा लागेल, हे पहिल्याच दिवशी मान्य केलेले बरे. ज्यांना चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचे आहे त्यांनी हेही लक्षात ठेवावे की विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या आराखड्यात त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के गुणांची अट आहे. तेव्हा ‘पहिले वर्ष सोडून दिले तरी चालते’ हा सीनियर मंडळींचा सल्ला ऐकू नये. मायनर निवडताना मैत्रीण काय घेते याकडे पाहू नये. मेजर समाजशास्त्र असेल तर मायनर अर्थशास्त्र घ्यावे, असे माझे मत आहे. आकड्यांच्या भीतीने मुले ते टाळतात आणि तिसऱ्या वर्षी प्रकल्पाचे तक्ते करताना अडतात.

आता शब्दांकडे. दोनशे पानी वही घेऊन तिच्या डाव्या पानावर शब्द आणि उजव्या पानावर तो कोणत्या विषयात कोणत्या अर्थाने येतो, ते उदाहरणासह लिहिण्याची सवय सुट्टीतच लावावी. ‘सीमांत’ हा शब्द घ्या. अर्थशास्त्राच्या तासाला चौथा वडापाव खाल्ल्यावर समाधानात जी भर पडते तिला सीमांत उपयोगिता म्हणतात. कृषिगणनेच्या तक्त्यात एक हेक्टरपेक्षा कमी जमीन कसणारा तो सीमांत शेतकरी. आणि समाजशास्त्राच्या पुस्तकात सीमांत समूह म्हणजे सत्ता आणि साधने यांपासून कडेला ढकलले गेलेले लोक. ‘राज्य’ या शब्दाची गंमत याहून मोठी आहे. राजकीय सिद्धान्तात राज्य म्हणजे भूप्रदेश, लोकसंख्या, शासनसंस्था आणि सार्वभौमत्व असलेली संस्था; बोलण्यात राज्य म्हणजे महाराष्ट्र, ज्याला सार्वभौमत्व नाही; आणि संविधानाच्या अनुच्छेद १२ मध्ये मूलभूत हक्कांच्या संदर्भात ‘राज्य’ या संज्ञेत स्थानिक प्राधिकरणेही येतात, म्हणजे तुमची नगरपालिकासुद्धा तेथे राज्य ठरते. परीक्षेत ‘राज्याची वैशिष्ट्ये लिहा’ या प्रश्नाखाली सह्याद्री आणि गोदावरीचे वर्णन मी वाचलेले आहे. हसू आले, पण त्या मुलाला हा फरक कोणी सांगितलाच नव्हता.

संज्ञांबरोबर नावांचीही नोंद ठेवावी. एकाच फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचे नाव मराठी पुस्तकांत दुर्खीम, डर्कहाइम, दरखाइम असे निरनिराळे छापलेले आढळते आणि पहिल्या वर्षाचा विद्यार्थी त्यांना तीन विद्वान समजतो. प्रत्येक संज्ञेचा इंग्रजी प्रतिशब्दही देवनागरीत उच्चारासह लिहून ठेवावा, कारण पुढे संदर्भासाठी इंग्रजी लेख उघडावेच लागतील. शासनाच्या भाषा संचालनालयाने अर्थशास्त्राचे व राज्यशास्त्राचे परिभाषा कोश केले आहेत, मराठी विश्वकोश संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो. गाइड विकत घेण्यापूर्वी निदान हे दोन दरवाजे ठोठवावेत.

वाचनासाठी लांबलचक यादी देण्याचा मोह मी आवरतो. सुट्टीत एकच लेख वाचायचा असेल तर बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील मानवशास्त्राच्या चर्चासत्रात वाचलेला, भारतातील जातींची यंत्रणा आणि उत्पत्ती यांविषयीचा निबंध वाचावा. त्याचे मराठी अनुवाद उपलब्ध आहेत. तो लिहिणारा विद्यार्थी तेव्हा २५ वर्षांचा होता. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर या चौघांच्या जातीच्या व्याख्या तो एकापुढे एक मांडतो, प्रत्येकीत काय निसटले ते दाखवतो, आणि अखेरीस जातीबाहेर विवाह न करण्याची प्रथा हेच जातीचे मर्म आहे येथपर्यंत येतो. निष्कर्ष पाठ करण्याआधी ही चाल पाहावी. व्याख्या घ्यायची, तपासायची, उपयोगाचे ठेवायचे आणि मग आपले म्हणायचे, हे पुढील तीन वर्षे प्रत्येक दीर्घोत्तरी प्रश्नात करायचे आहे. ज्यांना यापुढे जायचे आहे त्यांनी जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ आणि त्रिंबक नारायण आत्र्यांचे १९१५चे ‘गावगाडा’ शेजारीशेजारी ठेवून वाचावे. एकाच खेड्याकडे दोन जागांवरून पाहिले की काय काय वेगळे दिसते ते कळते.

आकडे वाचण्याचा सराव मात्र हातात पेन्सिल घेऊनच करावा लागतो. २०११च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे महाराष्ट्रात ९२९ स्त्रिया होत्या. २००१मध्ये ९२२ होत्या. परिस्थिती सुधारली, असे लिहून विद्यार्थी मोकळा होतो. शेजारचा रकाना ० ते ६ वयोगटाचा असतो आणि त्यात हेच प्रमाण ९१३ वरून ८९४ वर घसरलेले आहे. आता जिल्ह्यांचे पान उलटावे. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, सिंधुदुर्गात १०३६ आणि मुंबई शहरात ८३२. रत्नागिरीत मुलींचा जन्म अधिक होतो असा अर्थ यातून काढणे चुकीचे. कोकणातला चाकरमानी गणनेच्या वेळी मुंबईच्या खात्यात मोजला गेला आहे आणि त्याची आई व बायको गावच्या. गणपतीच्या आठवड्यात गणना केली असती तर चित्र निराळे दिसले असते. आपल्या जिल्ह्याची जनगणना पुस्तिका शोधून अशीच दोन-तीन पाने वाचावीत आणि प्रत्येक आकड्यापुढे ‘कोणाला, कुठे, कधी मोजले’ हे तीन प्रश्न लिहावेत.

निरीक्षणाची एक वही वेगळी असावी. एसटी स्थानकावर, रेशन दुकानासमोर किंवा ग्रामसभेत तासभर बसून जे दिसते ते तारीख-वेळेसह लिहावे: कोण उभे आहे, कोण बसले आहे, कोणाला नावाने हाक मारली जाते आणि कोणाला ‘ए’ म्हणून. मत पानाच्या खाली, रेघ मारून, निराळे लिहावे. कोणाशी बोललात तर कशासाठी विचारता आहात हे आधी सांगावे आणि वहीत त्यांचे खरे नाव लिहू नये.

उत्तरलेखनाविषयी थोडेच सांगतो. मी स्वतः तालुक्याच्या ठिकाणी शिकलो. तेथे सर नोट्स सांगत आणि आम्ही उतरवून घेत असू. आधुनिकीकरणाची सात वैशिष्ट्ये मला आजही क्रमाने पाठ आहेत, परंतु ती कोणी आणि कशाच्या आधारे सांगितली हे एम.ए.ला एका तोंडी परीक्षेत विचारले गेले तेव्हा मी गप्प बसलो. म्हणून आठवड्याला एक उत्तर पुस्तक मिटून लिहावे, त्यात निदान एक उदाहरण स्वतःच्या गावचे असावे आणि प्रत्येक मताशेजारी ते कोणाचे आहे याचा उल्लेख असावा.

शेवटची बाब प्रतींची. मुंबईत समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली शिकलेले समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८मध्ये म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहून क्षेत्रकार्य केले. त्यातून अठरा वर्षे खपून तयार केलेल्या टिपणांच्या तीन प्रती त्यांच्याकडे होत्या. २४ एप्रिल १९७० रोजी स्टॅनफर्ड येथील त्यांच्या अभ्यासिकेच्या इमारतीला आग लावण्यात आली तेव्हा तिन्ही तेथेच होत्या. पुढे त्यांना त्या गावावरचे पुस्तक मुख्यतः स्मरणाच्या आधारे लिहावे लागले. तेव्हा वहीच्या पानांचे फोटो दर रविवारी काढून स्वतःलाच ई-मेल करावेत, आणि वही कोणाला उसनी द्यायची असेल तर त्याआधी. परीक्षेच्या आठवड्यात दिलेली वही वेळेवर परत येत नाही.