सव्वा गुंठ्याचं पहिलं वर्ष: इंग्लंडातल्या अलॉटमेंटवर भाजी आणि फळं

अलॉटमेंट म्हणजे भाजीपाला पिकवायला कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा. त्यासाठी तीन वर्षं यादीत नाव होतं. ऑक्टोबरात प्लॉटची चावी हातात पडली आणि मी त्याच दिवशी फावडं घेऊन गेले. आदल्या रात्री पाऊस झाला होता. दोन तासांत जेमतेम दोन हात जमीन उलटली. निघालेली ढेकळं उन्हाळ्यापर्यंत तशीच राहिली, विटेसारखी. माझं माहेर कराडकडचं. काळ्या रानात वाफसा आल्याशिवाय, म्हणजे ओल उतरून माती कामाजोगी झाल्याशिवाय, कुणी पाय घालत नाही हे लहानपणापासून बघितलेलं. इथे लेस्टरची मातीही तशीच चिकट, जड. तरी नव्या देशात जुनं शहाणपण लागू होईल हे मला सुचलंच नाही. पहिल्या वर्षात काय करावं आणि काय मुळीच करू नये, ते म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी आकार. इथला पूर्ण प्लॉट जुन्या मापाने दहा रॉडचा असतो, म्हणजे साधारण 250 चौरस मीटर. चार रॉडचा एक गुंठा होतो, तेव्हा पूर्ण प्लॉट नेमका अडीच गुंठे. 1908च्या कायद्याने मागणी असेल तिथे अशी जमीन पुरवणं कौन्सिलांवर बंधनकारक झालं. पण यादी लांब असल्यामुळे आता बहुतेकांना अर्धाच प्लॉट मिळतो. माझा अर्धा आहे, पाच मीटर रुंद आणि पंचवीस मीटर लांब, सव्वा गुंठा. नोकरी करणाऱ्या माणसाला तो भरपूर होतो. पूर्ण मिळत असेल तरी पहिल्यांदा अर्धाच मागा.

सही करण्याआधी करारपत्र नीट वाचा. झाडं लावायला परवानगी आहे का, शेड केवढी चालते, पाइप लावता येतो की झारीनेच पाणी घालायचं, पहिल्या वर्षी किती जमीन लागवडीखाली दिसायला हवी, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. प्लॉट पडीक दिसला तर नोटीस येते आणि पुढे जमीन परत जाते.

आता वाफसा. दहा सेंटिमीटर खोलीवरची मूठभर माती घ्या आणि गच्च दाबा. गोळा झाला की अंगठ्याने टोचा. तो भुसभुशीत फुटला तर वाफसा आहे, कामाला लागा. अंगठ्याचा ठसा उमटला, माती चकाकली आणि हाताला लोण्यासारखी लागली, तर अवजारं शेडमध्ये ठेवून घरी जा. ओल्या चिकणमातीवर चाललं की ती दबते, तिच्यातली हवा निघून जाते आणि मग मुळं खाली जात नाहीत. बियांच्या पाकिटावर 'मार्च' छापलेलं असतं, पण मार्चमध्ये माझ्या जमिनीला बरेचदा वाफसा नसतो. पाकिटाची तारीख मागे पडली तरी चालते. उशिरा पेरलेलं वाढून बरोबरीला येतं, दबलेली माती मात्र अख्खं वर्ष छळते. ओल्यात जावंच लागलं तर फळी टाकून तिच्यावर उभं राहा.

पहिल्या वर्षी एक तृतीयांशच जमीन कसायची. बाकीची झाकायची. जाड पुठ्ठे पसरा, त्यांच्यावरची चिकटपट्टी आधी काढा, त्यांच्या कडा एकमेकांवर वीतभर चढवा, वर काळं प्लास्टिक घाला आणि विटांनी दाबा. उजेड मिळाला नाही की बरंचसं तण वर्षभरात मरतं. बाइंडवीड नावाचं वेलीसारखं तण मात्र मरत नाही. त्याची मुळं शेवयांसारखी पांढरी, ठिसूळ असतात, जमिनीत खोल जातात आणि ओढली की कटकन तुटतात. बोटभर तुकडा राहिला तरी नवं रोप उभं राहतं. म्हणून यंत्राने नांगरून घेऊ नका. यंत्र त्या एका मुळाचे शंभर तुकडे करून सगळीकडे पेरतं. काटेरी फावड्याने माती सैल करायची, गुडघ्यावर बसून मूळ बोटांनी माग काढत सोडवायचं आणि बादलीत टाकायचं. ती बादली कंपोस्टमध्ये ओतायची नाही. पहिल्या हिवाळ्यात माझा निम्मा वेळ ह्याच कामात गेला, आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही.

कसायच्या भागात मी चार वाफे केले, प्रत्येकी चार मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आत रुंद. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे, म्हणजे वाफ्यात पाय घालावा लागत नाही. मध्ये अर्धा मीटर वाट, आणि एका कडेने ढकलगाडी जाईल एवढा रस्ता. उंच वाढणारं सगळं उत्तरेच्या टोकाला, नाहीतर सावली बाकीच्यांवर पडते.

चार वाफे फेरपालटासाठी. एकात बटाटा, दुसऱ्यात शेंगा, तिसऱ्यात कोबीची मंडळी, चौथ्यात कांदा, लसूण, गाजर, बीट. पुढच्या वर्षी बटाट्याच्या जागी शेंगा, शेंगांच्या जागी कोबी, कोबीच्या जागी कांदा-गाजर आणि त्यांच्या जागी बटाटा. मुळा आपण गाजराच्या शेजारी लावतो, पण तो मोहरीच्या कुळातला आहे, त्याला कोबीबरोबरच ठेवा. क्लबरूट नावाचा रोग ह्या कुळाला होतो, मुळं गाठाळून सुजतात आणि तो मातीत वर्षानुवर्षं राहतो. आम्लधर्मी जमिनीत तो जास्त बोकाळतो, म्हणून कोबीच्या वाफ्यात आदल्या हिवाळ्यात चुना घालतात. दुसऱ्याच्या प्लॉटवरून आलात तर बूट धुऊन मगच आपल्या वाफ्याकडे या.

काय लावायचं ह्याची यादी स्वयंपाकघरात बसून करा. महिनाभर घरात कुठल्या भाज्या शिजल्या ते मी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं होतं. आमच्याकडे मेथी आठवड्यातून दोनदा, बटाटा रोज, कोबी महिन्यातून एकदा. मग कोबीचे वीस गड्डे लावून करायचं काय?

बटाटा इथे पहिल्या वर्षाचं हक्काचं पीक. बेण्याचाच बटाटा घ्या, दुकानातला खायचा नको, त्यातून रोग येतो. फेब्रुवारीत अंड्यांच्या ट्रेमध्ये डोळे वर करून उजेडाच्या, थंड जागी ठेवला की जाड, आखूड कोंब येतात. मार्चअखेर ते एप्रिलमध्ये, अर्थात वाफसा बघून, बारा-पंधरा सेंटिमीटर खोल, तीस सेंटिमीटरवर एक. माझ्या वाफ्यात दोन ओळींत चोवीस बसतात. लवकर येणारीच जात निवडा. मी शार्लट लावते, ती रश्शात फुटत नाही. जूनअखेरपासून दमट, उबदार हवा पडली की करपा येतो आणि आठवड्याभरात पाला काळा पडतो. लवकरचा बटाटा त्याच्या आधी निघतो. पाला वर आला की मातीची भर द्यायची. इथे मेच्या मध्यापर्यंत दव गोठतं, तेव्हा रात्री थंडी सांगितली असेल तर कोवळा पाला मातीने पूर्ण झाकून टाका.

शेंगांमध्ये ब्रॉड बीन नोव्हेंबरात पेरता येते, ॲक्वाडल्स क्लॉडिया ही जात थंडी सोसते. तिची उसळ पावट्यासारखी करते मी, आलं-मिरची जरा जास्त घालून. वसंतात शेंड्यांवर काळा मावा दिसला की कोवळे शेंडे खुडून टाका, तो त्यांच्यावरच जमतो. रनर बीनला थंडी अजिबात चालत नाही. मेच्या मध्याला कुंडीत पेरा, जूनच्या सुरुवातीला अडीच मीटरच्या बांबूंवर चढवा. शेंगा वीतभर झाल्या की तोडत राहायचं, एकही शेंग वेलावर निबर होऊ दिली तर वेल फुलं धरायची कमी करतो.

आपल्या भाज्यांबद्दल सांगताना दिवसाच्या लांबीबद्दल बोलावंच लागतं, कारण माझ्या पहिल्या वर्षीच्या बऱ्याच चुका तिथे झाल्या. इथे जूनमध्ये दिवस जवळजवळ सतरा तासांचा, डिसेंबरात आठ तासांच्याही आत. आपला मुळा एप्रिलमध्ये पेरला की दिवस लांबत जातात, तो धड मूळ न धरता फुलावर येतो. एकवीस जून उलटू द्या, जुलैपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत पेरा, ऑक्टोबरात मनगटाएवढे मुळे निघतात. आपल्याकडच्या कांद्याच्या जाती कमी लांबीच्या दिवसात गड्डा धरणाऱ्या. इथल्या लांब दिवसात त्या पात वाढायच्या आतच गोटीएवढा गड्डा धरून थांबतात. म्हणून इथल्याच जातीची छोटी कांदी मार्च-एप्रिलमध्ये दहा सेंटिमीटरवर लावा. तसंही भारतातून बी सामानात घालून आणायला नियमाने वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. आणू नका.

मेथी मात्र इथे सुंदर येते. मेपासून ऑगस्टपर्यंत दर पंधरा दिवसांनी मीटरभर ओळ. स्वयंपाकघरातले दाणे रात्री भिजवायचे, सकाळी दाट फेकायचे, बोटाच्या जाडीएवढी माती ओढायची आणि हलक्या हाताने दाबायची. चार-पाच दिवसांत वाफा हिरवा दिसतो. महिना-सव्वा महिन्यात फूल यायच्या आत उपटायची. संध्याकाळी पाणी घालून सकाळी उपटली तर मुळं अख्खी निघतात, आणि घरात शिरताच सगळ्यांना कळतं आज काय आहे. शेजारच्या प्लॉटवरचे गुजराती काका थोडी ओळ तशीच सोडतात आणि फुलावर आलेली मेथी मातीत गाडतात. तिचं हिरवळीचं खत होतं. मीही आता तेच करते. धने पेरताना लाटण्याने हलके रगडून दोन दळं वेगळी करा. कोथिंबीर उन्हाळ्यात भराभर फुलते, ऑगस्टमध्ये पेरलेली सर्वात जास्त टिकते. लाल माठ जूनमध्ये, जमीन नीट तापल्यावर. दुधी, कारलं, मिरची काचघराशिवाय भरवशाची नाहीत, पहिल्या वर्षी त्यांचा नाद करू नका.

खताबद्दल कळकळीने सांगते. घोड्याचं खत इथे फुकट मिळतं, मीही एका तबेल्यातून दहा पोती आणली. त्या गवतावर तणनाशक मारलेलं होतं. ते घोड्याच्या पोटातून आणि खताच्या ढिगातूनही शाबूत राहतं. माझ्या शेंगांची आणि बटाट्याची पानं नेच्यासारखी वळली, झाडं खुरटली, अर्धा हंगाम गेला. आता कुठलंही खत आलं की दोन कुंड्यांत मातीत मिसळून घेवडा लावते, शेजारी दोन कुंड्या नुसत्या मातीच्या. तीन-चार आठवडे पानं सरळ राहिली तरच खत वाफ्यात जातं. तुम्हीही करा, वेळ नाही असं म्हणू नका.

गोगलगाई इथे शंख नसलेल्या, बोटाएवढ्या. एका रात्रीत कोवळ्या झुकिनीची बारा रोपं खाऊन गेल्या होत्या. मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांवर 2022पासून बंदी आहे, फेरिक फॉस्फेटच्या चालतात. मी अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन वेचते आणि रोपं पाच-सहा पानांची झाल्यावरच बाहेर लावते. कोबीवर पहिल्या दिवसापासून जाळी हवी, कबुतरं आणि पांढरी फुलपाखरं दोन्ही तिच्यावर टपलेली असतात. जाळी पानांना टेकू देऊ नका, टेकली की फुलपाखरू वरूनच अंडी घालतं.

फळांसाठी जागा कायमची लागते, म्हणून ती पहिल्या हिवाळ्यातच कडेला ठरवून टाका. नोव्हेंबर ते मार्च उघड्या मुळांची झाडं स्वस्त मिळतात. ऑटम ब्लिस जातीच्या रास्पबेरीची कांडी पंचेचाळीस सेंटिमीटरवर लावा. तिची छाटणी सोपी, फेब्रुवारीत सगळं जमिनीलगत कापायचं, त्याच वर्षीच्या नव्या फुटव्यांवर ऑगस्टपासून फळ येतं. ब्लॅककरंटचं झुडूप लावताना खोडावर जुन्या मातीची खूण दिसते, तिच्यापेक्षा पाच सेंटिमीटर खोल लावा आणि सगळ्या फांद्या एक-दोन डोळ्यांवर कापा. जिवावर येतं, पण जमिनीखालून जोमदार फुटवे त्यामुळेच येतात. रुबार्ब ह्या आंबट देठांच्या झाडाला पहिल्या वर्षी हात लावायचा नाही. दुसऱ्या वर्षी थोडे देठ, कापून नव्हे, बुडाशी धरून पिळून ओढायचे. पानं विषारी, ती फक्त कंपोस्टला. देठांचं आंबट पाणी मी आमटीत घालते, आमसूल संपलं असेल तेव्हा त्याची उणीव भासत नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात वर्ष पुन्हा फिरून येतं. लसणाच्या मोठ्या पाकळ्या टोक वर करून पंधरा सेंटिमीटरवर, टोकावर दोन-अडीच सेंटिमीटर माती येईल अशा लावा. त्याला थंडी लागते, तिच्याशिवाय गड्ड्याच्या पाकळ्या सुट्या होत नाहीत. काळ्या प्लास्टिकचा एक पट्टा तेव्हाच उचला आणि खालची माती मुठीत धरून बघा. माझ्या प्लॉटवर पुठ्ठ्यांखाली गांडुळं भरली होती आणि गोळा अंगठा लावताच फुटला. पाचवा वाफा मी त्याच दिवशी आखला.